धुतलेला भंडारा

आमच्या बोळात यल्लाप्पाला ‘मड्याचा रंगारी’ म्हनत. तोंडावर न्हाय, मागनं. तोंडावर “काय यल्लाप्पा, बरं हाय न्हवं?” आन् त्यो पुढं गेला की नाकाला पदर. मी बी त्यातलीच. उगं खोटं कशाला बोलू? त्यातलीच कसली, सगळ्यांच्या वरची. सोळा वर्सं त्या मानसाला म्या नीट हाक मारली न्हाय, आन् रोज त्येच्याच शेजारी उभी ऱ्हाऊन काचा धुतल्या.

मी रुक्माबाई. बेळगावच्या शहापुरात मागवाल्यांच्या बोळात माजं घर. गुडघ्यांनी दावा मांडलाय, हातात काच ठरत न्हाय, म्हनून दोन महिन्यामागं दवाखान्यातलं काम सोडलं. यल्लाप्पानं बी परवा सोडलं. घरात बसून जिवाला चैन न्हाय, तवा सांगते. ऐकायचं तर ऐका, न्हायतर उठून जावा. माजी काय जबरदस्ती न्हाय.

यल्लाप्पाचं घराणंच रंगाऱ्याचं. बोळाच्या टोकाला त्येच्या बाचं निळीचं रांजन जमिनीत पुरलेलं हुतं. आमी सूत द्यायचं, त्येनी रंगवायचं, आमी इनायचं. त्यो मला आक्का म्हनायचा, मी त्येला अण्णा. मग डब्यातला जर्मन रंग आला. पुडी पान्यात टाकली की झालं, त्येला रंगारी कशाला लागतोय? रांजन आटलं. आन् नंतर जर्मनीशी लढाई लागली तवा डबं बी याचं बंद झालं. तवर ह्येंचं रांजन फुटून त्यात कोंबड्या बसत हुत्या. दोन्ही अंगानं मरन. त्याच सालात यल्लाप्पा बेळगावात एका दवाखान्यात झाडलोटीला लागला.

तितं मागल्या अंगाला एक खोली हाय. मानसाच्या अंगातनं काढलेला तुकडा तितं येतोय. त्येला मेनात घालायचा, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ कापायचा, काचेवर चिकटवायचा, रंगवायचा. मग डाक्टर भिंगातनं बगनार आन् रोग कुठला त्ये सांगनार. रंगवल्याबिगर कायबी दिसत न्हाय, नुसतं धुकं. त्या वक्ताला रंगवायला जो मानूस हुता, त्येचा रंग आज गडद तर उद्या फिक्का. एक दिस झाडता झाडता यल्लाप्पा बोलून गेला, “तुरटी कमी पडलीया.”

मोठ्या डाक्टरांनी ऐकलं. “तुला रे काय कळतं?”

“सायेब, रंग काय कापडावर बसत न्हाय. कापडावर तुरटी बसती, तुरटीवर रंग बसतोय.”

आठ दिसांत केरसुनी सुटली आन् बाटल्या हातात आल्या. ही त्येची बढती. त्येच्या बाला सांगायला गेला तर बा म्हनला, “आपुन लुगडी रंगवली, नवऱ्यामुलीचं शेलं रंगवलं, आन् तू मड्याचं मांस रंगवनार?” बाच्या तोंडातलं त्ये नाव बोळानं उचललं. मानमोडी तापाच्या साथीत बा गेला, बायको बी गेली. दुसरेपनावर पोरगी द्यायला कोन तयार व्हईना. बोटं वांग्यागत जांभळी, नखं गुलाबी, आन् अंगाला त्या औषदाचा वास, तुकडा कुजू नये म्हनून ज्येच्यात बुडवून ठेवत्यात त्या औषदाचा. नाकात शिरला की डोळ्याला धारा लागत्यात. लगनाच्या पंगतीत त्येच्या हातनं कोन पान्याचा तांब्या घेत नव्हतं. मी घेत हुते, तवा. त्ये बी सांगून ठेवते.

आता माज्या शामूचं.

शामू माजा एकलता एक. त्येचा बा ल्हानपनीच गेलता. लगीन होऊन वर्स झालं नव्हतं, आन् डाव्या गुडघ्याच्या वर गाठ आली. आमचा माग खड्ड्यातला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली दोन पावड्या, एकदा डावी दाबायची, एकदा उजवी. दोन पाय हायत तर लुगडं हाय. एक पाय गेला तर मागवाला कसला त्यो? नुसता बसलेला मानूस. म्या लेप लावलं, शेकलं, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलले. गाठ वाढतच चालली. तवा यल्लाप्पाच म्हनला, “आक्का, लई दिस काढू नगा. दवाखान्यात आना त्येला.” त्येच्याच सांगन्यावरनं मी गेले. ह्ये बी माज्या डोक्यात लई वर्सं रुतून बसलं.

मोठ्या डाक्टरांनी गाठ उघडून हरभऱ्याएवढा तुकडा काढला आन् बाटलीत टाकला. कापायची खोली हिकडं, रंगाची खोली आवाराच्या पल्याड. तवा त्या दवाखान्यात नातेवाईकालाच बाटली न्यायला सांगत. माज्या हातात दिली. “यल्लाप्पाकडं नेऊन दे.”

निगाले. मधी कडुलिंबाचं झाड. तितं पाय थांबलं. हातात बाटली, बाटलीत माज्या पोराचं मांस. नऊ महिनं पोटात वाढवलेलं, आन् आता परक्या पान्यात एकलंच तरंगतंय. माज्या पदराच्या गाठीत यल्लम्मा आईचा भंडारा हुता, सौंदत्तीस्नं आनलेला. गाठ सोडली, बूच काढलं, आन् चिमूट न्हाय, चांगला मूठभर भंडारा त्यात सोडला. म्हनलं, आई, आता तूच बग ह्येच्याकडं. बाटली पिवळीधमक झाली. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या सगळ्या दिसांत तेवढंच एकदा बरं वाटलं.

यल्लाप्पानं बाटली उजेडात धरली. “आक्का, ह्यात काय घातलंसा?”

“आईचा भंडारा.”

त्येनं डोळं मिटलं. रागवला न्हाय. त्येच्या गळ्यात बी यल्लम्माचंच दर्शन हुतं, तांबड्या-पांढऱ्या मन्यांची माळ, नावातच आई. तेवढ्यात मोठे डाक्टर मागनं आले, बाटली बगितली. “हळद? बाई, काय केलंत हे! तुकडा फुकट गेला.” मग म्हनाले, “जाऊ दे. मला हाडाचा क्षयच वाटतोय. परत गुडघा उघडायला नको. शनिवारी प्लास्टर घालू. सहा महिने पडून राहू दे पोराला.”

म्या तितंच जमिनीला हात लावून नमस्कार केला. प्लास्टर म्हंजे पाय ऱ्हानार! भंडारा पावला की वो मला! आईनं तुकडा नासवला आन् पाय राखला, असं माज्या डोक्यात लख्ख झालं.

आन् ह्यो मुडदा यल्लाप्पा म्हनतोय, “सायेब, शुक्रवारपतूर द्या.”

“अरे, सगळा पिवळा झालाय तो.”

“हळद ह्यो रंग न्हवं, सायेब. पावना हाय. तिला तुरटी लागत न्हाय आन् ती टिकत बी न्हाय. उन्हात जाती, दारूत जाती. स्पिरिटातनं तर तुकडा आपुन काढतोच की. जरा ज्यास्ती काढतो.”

डाक्टरांनी खांदं उडवलं. “बघ. शनिवारी सकाळी मी प्लास्टर घालणार.”

तीन दिस मी त्या खोलीच्या पायरीवर बसून हुते. आत काय चाललंय त्ये दिसत हुतं, कळत नव्हतं. नंतर सोळा वर्सं तेच बगितलं, म्हनून आता सांगता येतंय. आदी तुकडा फडक्यावर घेतला आन् बारीक कुंचल्यानं हळदीचा कन न् कन पुसून काढला, कारन कन ऱ्हायला तर पात्याची धार मोडती. मग स्पिरिटात. स्पिरिट पिवळं झालं, बदललं. परत पिवळं, परत बदललं. सातव्या खेपंला पान्यागत ऱ्हायलं. मग दुसऱ्या औषदात, मग पातळ मेनात, मग मेनाची वडी. चामड्यावर पातं घासून घासून त्येचा खांदा उतरला. यंत्राचा दांडा फिरवायला लागला की वडीतनं फितीगत पापुद्रं निगायचं, त्ये कोमट पान्यावर सोडायचं, खालनं काच घालून उचलायचं. शेवटाला रंग. त्यो जांभळा रंग आमच्या रंगाऱ्यांच्या इहिरीच्या जड पान्यात धुतला की निळा फुलतोय, म्हनून घागर सोताच्या डोक्यावर आनायचा. तीन दिसांत त्यो घरला गेला न्हाय. डोळं लाल झालं हुतं. मला वाटलं, बिचारा माज्या पोरासाठी राबतोय. मनात आशीर्वाद देत हुते त्येला. ह्येची आठवन झाली की अजून अंगावर काटा येतोय.

शुक्रवारी डाक्टरांनी काच भिंगाखाली घेतली. बगतच ऱ्हायले. मग उठले, मला आत बोलावलं आन् खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसवलं तवाच मी समजले.

“रुक्माबाई, क्षय नाही. वाईट गाठ आहे. पाय काढावा लागेल, मांडीतून. आणि लवकर.”

मला रडू न्हाय आलं. मी उठले, यल्लाप्पाच्या टेबलाशी गेले. “माजा भंडारा काय केलास?”

त्येला खोटं बोलता आलं असतं. आईच्या पायावर घातला म्हनला असता तर मी काय बगायला जानार हुते?

“धुतला, आक्का. स्पिरिटात.”

मग माजं तोंड सुटलं. आवारातली सगळी मानसं गोळा झाली. “आईनं झाकलं हुतं, तू उघडं केलंस! प्लास्टर घालनार हुतं डाक्टर! तू गप बसला असतास तर तुजं काय जात हुतं? कोन मागाय आलं हुतं तुला? आईला धुऊन मोरीत घातलंस, रांडच्या! तुज्या हाताला कीड पडंल!” नको नको त्ये बोलले. त्यो एकदाच म्हनला, “साकु, आक्का, साकु.” पुरे म्हनायला बी त्येला कानडी सुचलं, मराठी बोलायची ताकद नसंल ऱ्हायली.

शनिवारी प्लास्टराच्या ऐवजी पाय गेला.

घरात कमवनारा तेवढाच. सून पोटुशी. चार महिन्यांनी यल्लाप्पा दारात आला, उंबऱ्याच्या भायेर उभा ऱ्हायला. काचा धुनारी बाई काम सोडून गेलीया, येताय का म्हनला. शामू माज्या आदी बोलला, “जा गं आई.” मी गेले. भूक लई वंगाळ. पर अण्णा म्हनायचं सोडलं त्ये सोडलंच. त्येच्याशी बोलायचं असलं तर मी बाटलीशी बोलायचे. “स्पिरिट संपलंय गं बाई,” असं बाटलीला सांगायचं, त्येनं ऐकायचं. जवळ कोन नसलं की म्हनायचे, “मोरीत वतायला हितं काय कमी हाय? देव बी वतत्यात मानसं.” त्यो खाली मान घालून पातं घासायचा. सोळा वर्सं, वो! एवढं तर नवरा-बायको बी धुसफुसत न्हाईत.

चौथ्या-पाचव्या वर्सी निपानीस्नं तंबाकूच्या वखारीतला एक गडी आनला. तसाच गुडघा, तशीच गाठ. तिकडं कुनीतरी क्षय म्हनून वर्सभर पाय बांधून ठेवला हुता. यल्लाप्पानं काच रंगवली. डाक्टर भिंगातनं उठले आन् मला म्हनाले, “तुमच्या शामूचीच काच आहे ही, रुक्माबाई. फक्त वर्षभर उशिरा.” त्या गड्याच्या छातीत बी पसरलं हुतं. महिन्याभरात गेला. त्येची आई कडुलिंबाखाली बसून हुती, मी तिला पानी दिलं. त्या दिवशी मला सगळं कळलं. पर कळनं येगळं आन् तोंडातनं निगनं येगळं. जीभ लई हट्टी असती. आज बोलू, उद्या बोलू, करत करत दुसरी लढाई आली. रंगाच्या बाटल्या याच्या बंद झाल्या, यल्लाप्पा आहे तोच रंग गाळून गाळून वापरायचा. त्येचं नाक आदीच मेलं हुतं, आता डोळं बी अधू झालं. जेवताना मीठ हाय का न्हाय त्ये त्येला मलाच इचारायला लागायचं, आन् मी बाटलीला सांगायचे, “हाय मीठ.”

शामू हिकडं काय स्वस्थ बसला न्हाय. पयली दोन वर्सं सुताच्या कांड्या भरल्या, बायकांचं काम म्हनून मान वर करत नव्हता. मग सुताराकडनं लाकडाचा खुंट करून मांडीला बांधला आन् डावी पावडी खुंटानं दाबायला शिकला. काठापदराचं लुगडं न्हाय जमत. साधं पंचं इनतोय. तीन पोरांचा बा हाय. माग चालू असला की आवाज सारखा येत न्हाय, एक मऊ, एक टनक. बोळातल्या कुनाला बी इचारा, शामूचा माग आंधळ्याला बी वळकतोय.

परवा यल्लाप्पाचा शेवटचा दिस. स्वराज्य आलं म्हनून गावात झेंड्यांची गडबड, पताका, साखर वाटत्यात, आन् त्यो त्या गर्दीतनं भिंतीला हात लावत लावत माज्या दारात आला. सवयीनं उंबऱ्याभायेर उभा. खिशातनं कागदाची पुडी काढली. जुनी, कडंनं तांबूस पडलेली. वर जांभळ्या शाईत आकडा, शामूच्या काचंचा आकडा. मला अक्षर येत न्हाय, पर त्यो आकडा येतोय.

“काय हाय?”

“तुमचा भंडारा, आक्का. आज कपाट दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. म्हनून आनला.”

माज्या हातातनं सूप खाली पडलं.

“बाटलीच्या तळाला बसला हुता त्यो गाळून घिऊन वाळवला,” त्यो म्हनला. “मांसाला लागला हुता तेवढाच स्पिरिटात गेला. आन् त्ये स्पिरिट बी कडुलिंबाच्या मुळात घातलं. मोरीत न्हाय वतलं, आक्का. आईला मोरीत कसा वतीन मी?”

“मग तवाच का न्हाय दिलास रं, मुडद्या?” मी वरडलेच.

“इषारी औषदात भिजलेला. तुमी त्यो पोराच्या तोंडात घातला असता.”

घातला असता. शंभर टक्के घातला असता. पाय कापलेल्या पोराला पयलं काय दिलं असतं तर तेच.

“आन् मागनं? एवढी वर्सं?”

“मागनं तुमी माज्याशी बोलत कुटं हुता?” त्यो थोडा हसला. “मीच जाऊन आईच्या पायावर घालावा, असं बी मनात आलतं. पर नवस तुमचा. दुसऱ्याचा नवस मी कसा फेडू?”

पुडी हातात घिऊन मी उभी. सोळा वर्सं ज्येला देव धुतला म्हनून टोचलं, त्येनं देव कपाटात जपून ठेवला हुता, बाटल्यांच्या मागं, आन् मी त्याच कपाटाच्या काचा पुसत हुते. त्येनं माज्या पोराचा पाय नेला न्हाय. त्येनं माजं पोरगं ठेवलं. त्यो शुक्रवारपतूर द्या म्हनला नसता तर शामू दोन पायांनिशी जळला असता. ह्ये मला लई वर्सं ठावं हुतं आन् म्या एकदा बी म्हनलं न्हाय. लाज वाटती मला. आज सगळ्यांच्या देखत सांगते, लाज वाटती.

“अण्णा,” म्या म्हनलं. परत म्हनलं, “अण्णा, आत या. भाकरी खाऊन जावा.”

त्येनं मागं वळून बगितलं, दुसरं कोन आलंय काय म्हनून.

आतनं माग थांबला. शामू खुंट आपटत भायेर आला, अण्णाच्या दंडाला धरून त्येला उंबऱ्याच्या आत घेतला, पाटावर बसवला. म्या भाकरी वाढली, वर लोनी घातलं. त्यो जांभळ्या बोटांनी हळूहळू तुकडं मोडत हुता.

“चव कळत न्हाय, आक्का.”

“ठावं हाय. खावा.”

पुडी पदराच्या त्याच गाठीला बांधून ठेवलीया. कपाळाला लावायची न्हाय म्हनून तीनदा बजावून गेलाय. येत्या माघात सौंदत्तीला जायाचं, भंडारा आईच्या पायावर घालायचा. शामू म्हनतोय, डोंगर मी माज्या पायानं चढनार. अण्णाला बी न्यायचा हाय, पर त्येला दोन पावलांत दम लागतोय, तवा त्येच्यापुरती कुनाची तरी गाडी सांगून ठेवायला पायजे.